फेसाचे मोल

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत अर्ध्या लिटर बिअरला चारशे रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. बोईसरच्या बिअर शॉपीत त्याच्या निम्म्या पैशांत साडेसहाशे मिलीची स्ट्राँग मिळते. हा हिशेब इथे कुणाला शिकवावा लागत नाही. तारापूर एमआयडीसीतली पाळी सुटली की नवापूर रस्त्याकडच्या परमिट रूम भरतात आणि टेबलावर येते ती स्ट्राँगच. ‘माइल्ड म्हणजे पाणी’ हे तिथले सर्वमान्य मत. किती रुपयांत किती चढते, या एकाच कसोटीवर बाटली निवडली जाते. दिवसभर रिअॅक्टरपाशी उभे राहून आलेल्या माणसाला चवीवर व्याख्यान देण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

तरीही क्राफ्ट बिअरला जादा पैसे द्यावेत का, हा प्रश्न वांद्र्यापेक्षा बोईसरमध्ये बसून विचारलेला बरा. वांद्र्यात तिची तुलना होते ती फक्त कारखान्यातल्या बिअरशी. इथे हाताशी तिसरे एक पेय आहे. क्राफ्टवाले ज्या गुणांचे पैसे घेतात ते सगळे त्यात आधीपासून आहेत आणि त्याचा ग्लास अजूनही पन्नास रुपयांच्या आत मिळतो. मी ताडीबद्दल बोलतो आहे. हे दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवून चवीने प्यायले, तर किमतीचा गुंता बराच सुटतो.

आधी महागडा ग्लास. गव्हाची बिअर घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक मायक्रोब्रुअऱ्यांत ती असते आणि नवखा माणूस तिच्यापासूनच सुरुवात करतो. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती तिचा गढूळपणा. बाटलीतल्या बिअरच्या आरपार पलीकडचा माणूस दिसतो. ही पिवळट-नारिंगी आणि धूसर. गव्हातली प्रथिने आणि न गाळलेले यीस्ट तिच्यात तरंगत असते. वरचा फेस पांढरा, जाड आणि चिवट. ग्लास अर्धा झाला तरी कडेला त्याची रेघ राहते.

मग वास. इथे पहिल्यांदा पिणारा हमखास थबकतो, कारण त्याला पिकलेल्या केळ्याचा वास येतो. ‘यात केळे घातलेय का?’ हा प्रश्न तिथल्या वेटरने दिवसातून कितीदा ऐकला असेल! केळे कुणी घातलेले नसते. यीस्ट साखर खाताना जी अनेक संयुगे मागे सोडते त्यांत आयसोअमिल अॅसिटेट नावाचा एक एस्टर असतो, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तोच असतो. त्याच्या मागून लवंगेची एक बारीक झाक येते, तीही त्याच यीस्टची करामत. टाकी थोडी उबदार ठेवली तर केळे वर येते, थंड ठेवली तर लवंग पुढे सरकते. म्हणजे बनवणाऱ्याने त्या आठवड्यात काय ठरवले होते, ते नाकाला कळते. पहिल्या घोटात गव्हाचा मऊपणा, दुसऱ्यात बुडबुड्यांचा चटका, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या कडांना किंचित आंबटपणा. हॉप्सचा कडवटपणा नावापुरताच. ग्लास टेबलावर दहा मिनिटे राहिला की गारवा उतरतो आणि चव बदलते, बहुधा सुधारते. स्ट्राँगच्या बाटलीची गोष्ट नेमकी उलटी. ती दात शिवशिवतील इतकी गार प्यायची असते, कारण गारव्याने वास दबतो आणि तिच्यातले पुष्कळसे दबलेलेच बरे.

कारखान्यातल्या बिअरला नाक मुरडायचे मात्र कारण नाही. बिअर का नासते ते लुई पाश्चरने 1876 च्या ग्रंथात मांडले आणि 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. आज डहाणूत घेतलेली बाटली आणि नागपुरात घेतलेली बाटली एकाच चवीची लागते, ती या दोघांच्या कृपेने. ही साधी कामगिरी नाही. पण एकसारखेपणासाठी किंमत मोजावी लागली. बिअर गाळली गेली, तापवली गेली, महिनोन्‌महिने गोदामात टिकेल अशी झाली आणि तिच्यातले जिवंत असे काही उरले नाही. क्राफ्ट बिअर म्हणजे या सगळ्यापासून मुद्दाम घेतलेली माघार. 2009 मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, 2014 मध्ये ‘गेटवे’ने डोंबिवलीत आपल्या टाक्या लावल्या, आणि मग मुंबई-पुण्यात हे लोण पसरले.

आता ते चारशे रुपये. त्यातला काही भाग ग्लासात असतो, काही भाग ग्लासाबाहेर. ग्लासात असतो तो बाहेरदेशाहून आणलेला माल्ट आणि हॉप्स, लहान टाकीत केलेले आणि म्हणून महाग पडणारे काम, पिंपापासून नळापर्यंत राखलेला गारवा आणि न खपल्यामुळे ओतून दिलेली बिअर. ग्लासाबाहेर असते ते अंधेरी-वांद्र्याच्या जागेचे भाडे आणि सरकार. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे ब्रुअरीवाला यंत्रावर आणि कच्च्या मालावर जीएसटी भरतो, पण तो त्याला पुढे वळता करून घेता येत नाही. वर उत्पादन शुल्क, परवाना शुल्क आणि 1 नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममध्ये पाचाचा दहा टक्के झालेला व्हॅट. शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि त्या परवान्यावर आपण हे आरोग्य राखण्यासाठी पितो आहोत असे नमूद असते. एका दिवसाच्या परवान्याचे पाच रुपये. आरोग्य इतके स्वस्त दुसरीकडे कुठे मिळत नसावे.

किमतीतला कर म्हणजे काय, हे पालघर जिल्ह्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. उत्तरेला दारूबंदीचा गुजरात, त्याच्या कुशीत कमी कराचे दमण. एकाच कंपनीची बाटली तलासरीच्या अलीकडे एका भावाने, दमणमध्ये बऱ्याच कमी भावाने, आणि मधल्या गुजरातच्या पट्ट्यात कायद्याने मुळीच नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाने दमणचे मद्य पकडल्याच्या बातम्या पालघरच्या स्थानिक पानावर नेमाने येतात. आतले पेय तसूभरही बदललेले नसते. तेव्हा महाग म्हणजे चांगले, हे समीकरण इथल्या माणसाच्या गळी उतरत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता दुसरा ग्लास.

हिवाळा सुरू झाला की मनोर, चारोटी, डहाणू या भागात रस्त्याकडेला प्लास्टिकचे कॅन आणि बाटल्या मांडून ताडीवाले बसलेले दिसतात. पेय साधे दिसते, पण त्यामागचे काम बघितले पाहिजे. ताडाचे झाड पन्नास-साठ फूट सहज असते. पायात दोरीचा फास अडकवून माणूस वर चढतो. नर झाडाला बोटांसारखे लांब, जाड तुरे येतात. ते एकत्र बांधायचे, दाबून-ठोकून मऊ करायचे आणि टोकाला धारदार कोयत्याने पातळ काप द्यायचा. कापातून रस ठिबकतो, त्याखाली मडके बांधायचे. कापाचे तोंड काही तासांत बुजते म्हणून पुन्हा वर चढून नवा काप, अगदी पापुद्र्याएवढा. जाड कापला तर तुरा लवकर संपतो, फार पातळ कापला तर रस येत नाही. सकाळ-संध्याकाळ हे करायचे, महिनोन्‌महिने, एकेका झाडावर. मादी झाडाचे तुरे ताडीसाठी धरले तर उन्हाळ्यात त्यांना ताडगोळे लागत नाहीत, म्हणजे तेवढ्या पैशांवर आधीच पाणी. खजुरीची तऱ्हा निराळी: तिच्या खोडालाच शेंड्याजवळ सोलून काप देतात.

झाडातून निघणारा रस जवळजवळ पारदर्शक आणि गोड असतो. त्यात शंभरात दहा-बारा भाग साखर. मडक्याला आतून चुना फासला तर तो तसाच गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर पहिल्या थेंबापासून आंबायला सुरुवात. यीस्ट कुणी विकत आणत नाही. ते हवेत असते, तुऱ्यावर असते, मधमाश्या आणि मुंग्यांच्या पायांनी येते आणि सर्वांत जास्त असते ते कालच्या मडक्याच्या भिंतीला. जुने मडके चांगले, असे ताडीवाले म्हणतात त्याचे शास्त्रीय कारण हेच. बिअरवाल्याच्या यीस्टला फ्रीज लागतो आणि लॅबोरेटरी लागते. इथे दोन्हींचे काम मडके करते.

सकाळी उतरवलेली ताडी फडक्यातून गाळून ग्लासात पडते तेव्हा तिचा रंग पातळ ताकासारखा असतो. पांढरटपणा येतो तो तरंगणाऱ्या यीस्टमुळे आणि जिवाणूंमुळे. फेस हलका, सळसळता, बिअरसारखा चिवट नाही. वास मात्र सगळ्यांना मानवणारा नाही, त्यात गंधकाची एक छटा असते. शहरातून आलेले पाहुणे तिथेच ग्लास खाली ठेवतात. न ठेवता पुढे गेलात तर पहिला घोट गोड लागतो आणि गोडीच्या पाठोपाठ नाकात झिणझिण्या आणणारा वायू येतो. मग लिंबाचा नसलेला, दह्याकडे झुकणारा आंबटपणा. गव्हाच्या बिअरच्या शेवटी जिभेच्या कडांना जे जाणवले होते, ते इथे मधोमध आहे, आणि जास्त मोकळे. तळाशी नारळाच्या पाण्याची आठवण करून देणारा खनिजाचा स्वाद राहतो.

दुपारी बाराला त्याच कॅनमधला ग्लास घ्या. गोडी निम्मी झालेली, आंबटपणा चढलेला, मद्य चार-पाच टक्क्यांच्या घरात पोचलेले, म्हणजे बिअरइतकेच. संध्याकाळी ती तिखटपणाकडे जाते, आणि दुसऱ्या दिवशी जे उरते ते शिरका म्हणून स्वयंपाकात वापरावे. एका दिवसात चार चवी. क्राफ्ट बिअरवाला ‘ही बॅच मागच्यापेक्षा वेगळी आहे’ असे कौतुकाने सांगतो. ताडीत एकाच मडक्याचा सकाळचा आणि दुपारचा ग्लास वेगळा असतो. सोबत सातपाटीचे भाजलेले सुके बोंबील असतील तर खारट आणि आंबट एकमेकांना असे धरतात की मुंबईच्या मेनूकार्डावरच्या जोड्या त्यापुढे ओढूनताणून आणल्यासारख्या वाटतात.

आता थोडे दूर जाऊ. ब्रुसेल्स आणि त्याच्या भोवतालच्या खोऱ्यात लॅम्बिक नावाची बिअर होते. गव्हा-जवाचा उकळलेला अर्क रात्रभर उघड्या, पसरट तांब्याच्या हौदात ठेवतात आणि हवेतले यीस्ट त्यात आपोआप उतरते. हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालते, कारण उन्हाळ्यात नको ते जिवाणू शिरतात. पुढे ती लाकडी पिंपांत वर्ष-दोन वर्षे मुरते. 1900 पासून चालत आलेल्या ‘कँटिलॉन’ या ब्रुअरीच्या बाटल्यांसाठी जगभरचे शौकीन वाटेल ते पैसे मोजतात. ते पैसे कशाचे? रानटी यीस्टचे, आंबटपणाचे, ऋतूचे, त्या एका जागेच्या हवेचे. यातले मुरवणे सोडले तर बाकी सगळे मनोरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये आहे. ब्रुसेल्सचा आंबटपणा शौकिनांचा आणि चारोटीचा आंबटपणा गावठी, एवढाच काय तो फरक. चवीच्या अंगाने या भेदाला काही आधार मला सापडत नाही.

आधार असेल तर तो इतिहासात आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवर कर आणि परवान्याची व्यवस्था पक्की केली आणि दारू गाळण्याचा धंदा मक्तेदारांच्या हाती गेला. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. आजचा पालघर तेव्हा ठाण्यातच होता. स्वतःच्या आवारातल्या झाडाचे पेय काढणे हा गुन्हा होऊ शकतो, हे वारल्यांना आणि भंडाऱ्यांना तेव्हा कळले. व्यसनाने इथल्या पाड्यांवरची घरे मोडली हे खरे, आणि त्याबद्दल हळवे होऊन ताडीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण सरकारचा राग व्यसनावर कमी आणि बुडणाऱ्या महसुलावर जास्त होता, हेही तितकेच खरे. ज्या पेयाला दीड शतक चोरटे ठरवले गेले, त्याला प्रतिष्ठेचा भाव कुठून यावा? गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून तिच्याकडे बघायची नजर बदलू लागली. ताडीला असे कुणी वाली भेटलेले नाही.

गंमत अशी की ताडीच्या चित्राला भाव आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे (1934–2018) यांनी वारली चित्रकला झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभरच्या कलादालनांत नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मागून आलेल्या पिढीच्या चित्रांत ताडावर चढलेला माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांचे झाड कागदाच्या तळापासून माथ्यापर्यंत गेलेले, दोन त्रिकोणांचा माणूस मध्येच कुठेतरी चिकटलेला, शेंड्याला मडकी. झाडाच्या मानाने माणूस फारच लहान काढलेला असतो, आणि हे प्रमाण अगदी बरोबर आहे; खाली उभे राहून मान वर केली की असेच दिसते. असे चित्र शहरातल्या दिवाणखान्यात हजारोंना जाते. त्या चित्रातल्या माणसाला एका ग्लासामागे काय सुटते, हे कुणी विचारत नाही.

जिल्ह्यात एक उलटे उदाहरणही आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण पिकलेला चिकू फार दिवस थांबत नाही आणि बाजार पडला की बागायतदाराच्या हाती काही लागत नाही. बोर्डीच्या ‘हिलझिल’ वायनरीने त्याच चिकूची वाईन केली आणि ‘फ्रुझांते’ या नावाने बाजारात आणली. चवीला ती थोडी गोड, हलकी, चिकूच्या सालीचा तुरटपणा मागे ठेवणारी. थोर वाईन म्हणून मी तिची शिफारस करणार नाही. पण तिला नाव आहे, लेबल आहे, जागा आहे, म्हणून तिला किंमतही मागता येते.

ताडीला लेबल नसण्याची दुसरी बाजू काळी आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट घातलेले पांढरे पाणी विकले जाते आणि पोलिसांच्या छाप्यांत ते वारंवार उघड होते. ते जिवावर बेतते. म्हणून माझा नियम सोपा आहे: जिथून झाड दिसत नाही तिथे ताडी घ्यायची नाही. आणि तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्यांलगतचे झाड असेल तर तेही नको. 2018 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिले आले होते. झाड पाणी कुठून घेते याचा विचार केलेला बरा.

हाच नियम क्राफ्ट बिअरला लावून बघितला की चारशे रुपयांचे उत्तर मिळते. ब्रुअरीत, टाकी समोर दिसते आहे अशा ठिकाणी, गेल्या काही आठवड्यांत बनलेली बिअर नळातून ग्लासात येते तेव्हा तिच्यात ते केळे असते, ती लवंग असते, बनवणाऱ्याचा निर्णय असतो. त्या ग्लासाला जादा पैसे जरूर द्यावेत, कर आणि भाडे धरूनसुद्धा. पण तीच बिअर टिनमध्ये भरून, ट्रकमधून, गोदामातून बोईसरच्या शॉपीत येते आणि मे महिन्यात आठवडाभर खोक्यात तापते, तेव्हा केळ्याचा वास सर्वांत आधी उडतो. उरतो तो डबा, डब्यावरचे रंगीत चित्र आणि दीडपट किंमत. क्राफ्ट हा शब्द बघून हे पैसे देणे म्हणजे लेबल पिणे. त्यापेक्षा शेजारची साधी माइल्ड प्रामाणिक.

थोडक्यात, पालघर-बोईसरच्या वाचकाला माझे सांगणे असे. इथल्या शॉपीत महागडा टिन उचलण्याआधी तो उलटा करून तळाची तारीख वाचा. दोन महिन्यांपेक्षा जुना असेल तर परत ठेवा. अंधेरीला कामाला गेलात आणि ब्रुअरीत शिरलात, तर सर्वांत ताजी टाकी कोणती ते विचारा, एकच ग्लास मागवा आणि त्याचा गारवा उतरेपर्यंत थांबून प्या. आणि थंडीत हायवेला ताडीवाला दिसला तर मडके कधी उतरवले ते आधी विचारा. आज पहाटेचे म्हणाला, आणि झाड मागे दिसत असेल, तर तो सांगेल त्या भावात घासाघीस करू नका. दिवसातून दोनदा तो त्या झाडावर चढतो.